पायाचे डोळे

तीन पिढ्यांत त्या घरातला माठ कधी परत आला नव्हता. फुटले असतील, नाही असं नाही. पण ते गिऱ्हाइकाच्या धसमुसळेपणानं, गाईच्या शिंगानं, नाहीतर नवराबायकोच्या भांडणात. मातीचा दोष म्हणून कुणी उंबऱ्याशी माठ आणून ठेवल्याचं कुंभारानं आजोबांच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. म्हणून नाक्यावरचा चहावाला सकाळीच सायकलच्या मागे माठ बांधून आला, तेव्हा त्याला वाटलं, जोडीला आणखी एक हवा असेल.

“घे निवडून,” तो चाकावरून न उठताच म्हणाला.

चहावाल्यानं दोरी सोडली, माठ अंगणात टेकवला आणि त्याच्या पोटावर बोट ठेवलं. नखाएवढा टवका उडाला होता. टवक्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसत होता, आणि तिथून पाणी झिरपून माठाची एक बाजू काळी पडली होती.

“आठवडाभर झकास होता,” चहावाला म्हणाला. “काल भरदुपारी टक्‌ असा आवाज झाला. मला वाटलं, कुणी खडा मारला. आता तुमच्या माठाला मी काय बोलू, पण…”

“बोलू नकोस. दुसरा घेऊन जा.”

चहावाला दुसरा माठ घेऊन गेला, पण जाताना त्यानं तो वाजवून बघितला. आजवर त्या अंगणात कुणी माठ वाजवून घेतला नव्हता. कुंभाराच्या कानात तो टणटण आवाज दिवसभर बसून राहिला.

त्या आठवड्यात आणखी चार माठ आले. उन्हाळा यंदा लवकर तापला होता, गाव गार पाण्यासाठी आसुसलं होतं, आणि ऐन हंगामात हे असं. बायको परत आलेले माठ भिंतीशी ओळीनं पालथे घालून ठेवी. तो तिकडे पाठ करून चाकावर बसे.

पांढरा ठिपका म्हणजे काय हे त्याला कुणी सांगायला नको होतं. चुनखडीचा खडा. मातीत वाटाण्याएवढा जरी राहिला, तरी भट्टीत भाजून त्याचा चुना होतो आणि गुमान बसून राहतो. माठ गार होतो, विकला जातो, कुणाच्या तरी घरी भरला जातो. मग तो खडा हळूहळू पाणी पितो, फुगतो आणि एक दिवस आतून टवका उडवतो. “आगीत कळत नाही, पाण्यात कळतं,” असं बाप म्हणायचा.

बाकीचे कुंभार माती चाळून घेत, पाण्यात कालवून गाळून घेत. या घरात चाळण नव्हतीच. चाळण आणणं म्हणजे पाय गेले असं कबूल करणं, असा बापाचा दंडक होता. माती रात्रभर भिजवायची, सकाळी अंगणातल्या खड्ड्यात उतरायचं आणि अनवाणी तुडवायची. तुडवता तुडवता तळव्याला खडा लागला की वाकून काढायचा. एवढीच त्यांची चाळण.

तो सात वर्षांचा आणि दादा दहाचा असताना बापानं दोघांना पहिल्यांदा त्या खड्ड्यात उतरवलं होतं. थंडीचे दिवस होते. गार चिखल बोटांच्या फटींतून वर आला तसा तो किंचाळला आणि दादा हसला. बाप काठावर उकिडवा बसला होता. “डोळे मिटा,” तो म्हणाला. “डोळ्यानं माती बघतो ते गिऱ्हाईक. पायानं बघतो तो कुंभार. लागलं की सांगा.” मग दोघं भाऊ एकमेकांचे खांदे धरून गोल गोल फिरत राहिले. “लागलं!” म्हणून एक ओरडे, की दुसरा आधी वाकायचा प्रयत्न करी. सापडलेला खडा बापाच्या पत्र्याच्या डब्यात टण्‌कन पडायचा. कुणाचे किती यावरून जेवायला बसेपर्यंत मारामारी. बहुतेक वेळा धाकटाच जिंकायचा. “याच्या पायाला डोळे आहेत,” असं बाप येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि दादा मागून चिमटा काढायचा.

किती साधं सुख होतं ते. आता बाप नव्हता, डबा गंजून गेला होता, आणि दादाही नव्हता. पण ओल्या मातीचा वास आला की पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाला अजूनही क्षणभर वाटायचं, समोरून कुणीतरी आपले खांदे धरले आहेत.

“माती कुठून आणलीस?” पाचवा माठ आला त्या संध्याकाळी त्यानं बायकोला विचारलं.

“जिथून तीस वर्षं आणते तिथून.”

“खोल खणली असशील.”

“हो ना, पाताळापर्यंत गेले होते.” ती शेणी रचत होती, तिनं मान वर केली नाही. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

वर्षभर त्याला तळव्याखाली माती नीट कळत नव्हती. मोजे घालून चालावं तसं वाटायचं. कातडं जून झालं असेल, असं तो स्वतःला समजावत होता. दिवसा पाय असे मुके, आणि अंथरुणावर पाठ टेकली की त्याच पायांची आग आग व्हायची. त्यावर दुकानदारानं लाल गोळी दिली होती. सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळी पोटात गेली की चाक फिरायचं. तहान तर अशी, की बायको म्हणायची, “एक माठ विकायचा आणि एक तुम्हाला प्यायला.” थकवा आला की तो चहा मागायचा, चार चमचे साखर घालून, आणि दिवसातून सहा वेळा.

तो लघवीला बसतो तिथे, न्हाणीच्या दगडापाशी मुंग्या लागतात, हे तिनं त्याला दोनदा सांगितलं होतं.

“मुंग्यांना दुसरं काम काय?” तो हसला होता.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. हे दुखणं आलं तेच मुंगीच्या पायानं, म्हणून कुणी उठून बघितलं नाही.

दुसऱ्या भट्टीची माती भिजली होती. सकाळी तो खड्ड्यात उतरला. आज एकही खडा सोडायचा नाही, असं ठरवून त्यानं डोळे घट्ट मिटले आणि पावलागणिक जोर देऊन तो तुडवत राहिला. काही लागलं नाही. माती लोण्यासारखी झाली आहे, असं त्याला वाटलं. मनातून त्याला बरंही वाटलं.

बायको पाण्याची घागर घेऊन आली आणि काठावर थबकली.

“अहो, थांबा. चिखल लाल का दिसतोय?”

“मातीच लाल आहे.”

“काल काळी होती.”

तिनं त्याला हाताला धरून वर काढलं, ओट्यावर बसवलं आणि दोन्ही पायांवर पाणी ओतलं. उजव्या चवड्यात खापरीचा तुकडा रुतला होता, बोटाच्या पेराएवढा. परत आलेल्या माठाचाच तुकडा असावा. बायकोनं तो बघितला. तिच्या नवऱ्याचं मात्र लक्ष नव्हतं, तो मान मागे टाकून तांब्यानं घटाघटा पाणी पीत होता. तिनं खांद्यावरचं ओलं फडकं काढलं आणि त्याच्या दोन्ही पायांवर पसरलं.

“पायात खापरी शिरलीय,” ती म्हणाली. “दुखत नाही का?”

त्यानं तांब्या खाली ठेवला. “दुखतंय ना. न दुखायला काय झालं?”

“कुठला पाय?”

त्यानं खाली बघितलं. फडक्याखाली दोन्ही पाय सारखेच दिसत होते. तिनं फडक्याची टोकं दोन्ही हातांनी दाबून धरली होती, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“डावा,” तो म्हणाला.

तिनं फडकं काढलं. दोघांनीही उजव्या पायाकडे बघितलं. रक्ताची बारीक धार ओट्यावरून अंगणात चालली होती. त्याच्या आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. लहान मूल अंथरूण ओलं करताना सापडावं तसं त्याला झालं.

“थोरल्या भाऊजींचं असंच सुरू झालं होतं,” ती म्हणाली.

“दादाचं वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं? तेही मुंग्यांना हसायचे.” आणि मग तिचा आवाज फुटला. “मी दोनदा सांगितलं. मेलं, तिसऱ्यांदा का नाही सांगितलं मी?”

घरात फळीवर एक मातीची वाटी होती, दोन घोट पाणी मावेल एवढी. ती त्यानंच केली होती, दादासाठी. दादाच्या किडन्या गेल्या, तेव्हा आठवड्यातून दोनदा पहाटेच्या बसनं शहरात जायचं आणि चार चार तास मशीनला जोडून पडायचं, असं त्याचं चाललं होतं. अंगात पाणी साठायचं, म्हणून पाणी मोजून. दिवसाला अमुक वाट्या, त्याच्यावर थेंब नाही. ज्यानं जन्मभर गावाला गार पाणी पाजलं, तो भर उन्हाळ्यात माठाच्या ओल्या पोटाला गाल लावून बसलेला त्यानं बघितला होता. “बघ रे,” दादा हसून म्हणाला होता, “रांजण करणाऱ्याला वाटी आली.” दीड वर्ष काढलं त्यानं तसं. कुंभाराला मरणाची भीती नव्हती, मरण काय सगळ्यांनाच आहे. त्याला त्या वाटीची भीती होती.

दुसऱ्या दिवशी बायकोनं त्याला आरोग्य केंद्रात नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः नेलं. तो वाटेत तीनदा थांबला आणि तिनं तीनदा त्याचा दंड धरला. पायाला चिंधी, चिंधीवर तिची चप्पल, कारण त्याची स्वतःची चप्पल घरात नव्हतीच. बाकावर बसलेले लोक त्या चपलेकडे बघत होते.

तिथल्या नर्सबाई वयानं त्याच्या लेकीएवढ्या. त्यांनी जखम धुतली, बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, लघवी तपासायला बाटली दिली. आकडे बघून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग एक ताठ, बारीक दोरा काढला.

“काका, डोळे मिटा. मी तळव्याला दोरा लावते. लागलं की सांगा.”

कुंभारानं दचकून त्यांच्याकडे बघितलं. हे शब्द त्यानं पंचेचाळीस वर्षांत बापाखेरीज कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यानं डोळे मिटले. बापाचा आवाज, गार चिखल, दादाचे खांदे, सगळं एकदम जवळ आलं. तो अगदी लक्ष देऊन बसला. “लागलं,” तो एकदा म्हणाला. मग टाचेपाशी, “लागलं.” मग बराच वेळ काही नाही. बाई दुसऱ्या कामाला लागल्या असतील, असं त्याला वाटलं.

“झालं,” बाई म्हणाल्या.

“एवढ्यात? उजव्या पायाला तर तुम्ही सुरुवातच नाही केली.”

“दोन्ही मिळून वीस ठिकाणी लावला, काका. तुम्ही दोनच ठिकाणी सांगितलंत.”

त्यानं डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते येऊ दिलं.

बाईंनी मग एकेक समजावलं. साखर तीनशेच्या वर होती, आणि ती आजची नाही, कित्येक वर्षांची असणार. तिनं पायाच्या नसा मारल्या. रक्तदाबही वाढलेला होता. लघवीत प्रथिनं उतरत होती. “फेस येतो का?”

“येतो. मला वाटायचं, उन्हानं.”

“किडनी म्हणजे शरीराची गाळणी…”

“गाळणी आमच्या घरात नाही,” तो म्हणाला, आणि बायकोनं त्याला कोपर मारलं. पण तो थट्टा करत नव्हता. तो विचार करत होता. “बाई, माठ पाझरतो, तसं काही असतं का? आम्ही मातीत वाळू घालतो. बेतानं घातली तर माठाला बारीक घाम येतो आणि पाणी गार राहतं. जास्त पडली तर भोकं मोठी होतात. मग माठ घाम नाही गाळत, रडतो. सकाळपर्यंत निम्मा रिकामा.”

बाईंनी मान डोलावली. “अगदी तसंच. रक्तातली जादा साखर म्हणजे ती जादा वाळू समजा. वर्षानुवर्षं राहिली की बारीक भोकं मोठी होतात. अंगात राहायला हवं ते लघवीवाटे निघून जातं. रक्तदाब वाढला की वरून आणखी जोर.” बायकोनं आणलेली पुडी त्यांनी उघडून बघितली. “आणि या लाल गोळ्या कुणी दिल्या?”

“दुकानदारानं. वर्षभर घेतोय, रोज दोन.”

“रोज दोन, वर्षभर? वेदना मारणाऱ्या या गोळ्या किडनीवरच घाव घालतात. आजपासून बंद. पायांच्या आगीवर दुसरं औषध आहे.”

“भाजलेला माठ परत कच्चा करता येत नाही, बाई.”

“नाही येत. गेलं ते गेलं. पण तुमचा माठ झिरपतोय, फुटला नाहीये. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवलात तर झिरपणं पुष्कळ कमी करता येतं. शहरात रक्ताची तपासणी करून या, किती शाबूत आहे ते कळेल. आणि मुलगा आहे ना? त्यालाही तपासून घ्या. काही होत नाही तोवरच बघायचं असतं हे.”

“माझ्या दादाला हे कुणी सांगितलं नाही.”

“ते आले होते कधी?”

आला होता. श्वास पुरेना, तेव्हा खाटेवर घालून आणला होता.

बाकी सगळं त्यानं मान्य केलं. बिनसाखरेचा चहा, हात राखून मीठ, वेळच्या वेळी गोळ्या, रोज संध्याकाळी पायांचे तळवे बायकोला दाखवणं. शेवटी बाई म्हणाल्या, “आणि अनवाणी खड्ड्यात उतरायचं नाही. कधीच नाही.”

“मग मी करू काय?”

“चाक चालवा ना.”

“चाक हातानं चालतं, बाई,” तो म्हणाला. “माठ पायानं होतो.”

जखम भरायला महिना गेला. शहरातला कागद आला. किडन्यांचं काम अर्ध्याहून बरंच जास्त शाबूत होतं. बायकोनं तो कागद तीनदा वाचून घेतला आणि पेटीत घालून ठेवला. बाहेरगावी असलेला मुलगा घरी आला, त्याचं रक्त तपासलं; साखर काठावर होती. त्याला नर्सबाईंनी चांगलं झापलं. नाक्यावर चहावाला चार लोकांत ओरडायचा, “एक बिनसाखरेचा, कुंभारकाकांचा!” आणि कुंभार ते कडू पाणी गिळताना इकडेतिकडे बघायचा. पायात बूट आले होते, मऊ आणि बंद. अंगणात बूट घालून फिरताना त्याला दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटे. बाजारातून बायकोनं एक चाळण आणून खुंटीला लावली होती. त्याबद्दल दोघंही बोलत नव्हते.

ऊन मात्र थांबलं नव्हतं. लोक विचारायला येत आणि रिकामी भट्टी बघून जात. एका संध्याकाळी त्यानं माती भिजत घातली.

सकाळी उजाडता उजाडता तो उठला, ओट्यावर बसला आणि त्यानं बुटाची नाडी सोडली. फक्त आजच्या दिवस, असं तो मनाशी म्हणाला. एवढ्यात खड्ड्याकडून आवाज आला. चपक, चपक, चपक.

बायको कपडे गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभी होती.

“वर ये,” तो म्हणाला. “बाईमाणसानं खड्ड्यात उतरायचं नाही. बाबा काय म्हणायचे?”

“मामंजी म्हणायचे, चाळण आणायची नाही. मी आणली, आणि तुम्ही ती वापरणार नाही हे ठाऊक होतं मला. मग राहिलं काय?” ती धापा टाकत होती. “तीस वर्षं ही माती डोक्यावर वाहिली मी. डोक्यावर चालते, पायाखाली चालत नाही? बूट बांधा आधी.”

तो रागानं उठून उभा राहिला. ती पुन्हा तुडवायला लागली, आणि ते तुडवणं बघून त्याचा राग कुठल्या कुठे गेला, कारण त्याच्यातल्या कुंभाराला ते बघवेना.

“अगं, टाच काय आपटतेस? धुणं बडवतेस का? चवडा टेक. आधी चवडा, मग हळू टाच. कडेकडेनं ये, मध्ये शेवटी जायचं.”

“असं?”

“तसं. घाई नको.”

त्यानं नाडी बांधली आणि तो काठावर जाऊन उकिडवा बसला. बाप बसायचा तिथेच.

“आता डोळे मिट.”

“या वयात? पडेन ना मी.”

“माझा हात धर आणि मिट. लागलं की सांग.”

तिनं त्याचा हात धरला आणि डोळे मिटले. ती कडेकडेनं फिरायला लागली, तसा तोही काठावरून तिच्याबरोबर सरकत राहिला. चिखलाचा आवाज तोच होता, वास तोच होता. त्यानंही डोळे मिटले. दादा आता समोरून ओरडेल, असं त्याला वाटलं.

“लागलं,” ती म्हणाली.

तिनं वाकून बोटांनी चिखल चाचपला आणि खडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो पुसला. पांढरा, वाटाण्याहूनही लहान. तो कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

“हा मला लागला नसता,” तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं हे मोठ्यानं म्हटलं.

“मला लागला ना,” ती म्हणाली. “झालं तर मग.”

खडा टाकायला त्यानं बापाचा डबा शोधला, पण तो कधीच गंजून गेला होता. तो उठून घरात गेला आणि फळीवरची दादाची वाटी घेऊन आला. खडा तिच्यात टाकला, तसा बारीक आवाज झाला.

“एक,” तो म्हणाला.

“पुढे मोजत राहा,” ती म्हणाली आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.